पायाळू नात

बसा, बसा, उठू नका — चहा टाकलाय, तो पिऊनच जा. शुक्रवारी दारात आलेल्या माणसाला मी कोरडं पाठवत नाही, मग तो कुठल्या का कामाला आलेला असेना. आणि तुमचं काम तर — शी! पुन्हा एकदा सांगा बरं, नीट ऐकू दे. आमची अवनी तुम्हाला एका दिवसापुरती हवीय. सिंहगडाच्या अंगाला कुठल्याशा माळावर पेशवाईतले मोहरांचे हंडे पुरलेत, आणि अवनी पायाळू, म्हणून तिच्या डोळ्यांत अंजन घातलं की तिला जमिनीखालचं धन दिसणार. असंच ना? रंगराव, केस पांढरे झालेत हो तुमचे. दुसरीतली पोर ती. तिला सोफ्याखाली गेलेली स्वतःची चप्पल दिसत नाही.

आणि पायाळू कुठली डोंबलाची? पोटात उलटी होती, पाय खाली होते, एवढं खरं. पण डॉक्टरीणबाईंनी पोट कापून काढलीय तिला. ना पायाकडून आली, ना डोक्याकडून — वरच्या खिडकीतून आली म्हणा! काय? तसलंही चालतं? वा! म्हणजे सिझेरियनची सोयसुद्धा करून ठेवलीत तुमच्या त्या शास्त्रात. घ्या, साखर कमी असेल तर सांगा.

पायाळू बघायचीय ना तुम्हाला? मग ही बघा — मी. अस्सल. पायांनी जगात आलेली. सासवडला आमच्या आळीत कुणाच्या कमरेत उसण भरली की मला बोलावणं यायचं. मी आधी वाकून नमस्कार करायची — मोठ्या माणसाला पाय लावायचा म्हणजे कसंतरीच व्हायचं — मग हळूच टाच टेकवायची. ती माणसं बरी व्हायची, किंवा पोरीचं मन मोडू नये म्हणून बरं वाटलं म्हणायची. तेवढाच काय तो पायाळूचा उपयोग. हंडेबिंडे मी सासरी ऐकले.

मला बघायला आले ना, तेव्हा मामंजींनी स्वयंपाक विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. आईला म्हणाले, मुलगी जन्मली कशी? आणि माझे पाय बघत बसले. मला वाटलं, लक्ष्मीची पावलं बघतायत — काय बावळट होते हो मी! हळद उतरली नव्हती अंगावरची, आणि एका भर दुपारी नेलं मला माळावर. त्याच, तुमच्याच. दोन पिंपळ एकमेकांत वाढलेत तोच ना? अहो, खूण मला काय सांगताय! ओढ्याच्या अलीकडे कुदळ लावू नका, तिथलं सगळं मामंजींनी उपसून झालंय, आणि वरच्या अंगाला तर नुसता कातळ — अगं बाई, हे काय बोलत बसले मी तुमच्याशी!

त्या अंजनाचा वास अजून माझ्या नाकात बसलाय. एरंडेलात काय काय जाळलं होतं देव जाणे, चिकट, काळंकुट्ट, मेलेल्या उंदरासारखं. बोटाने कोंबलं डोळ्यांत. सगळे भोवती उकिडवे बसलेले — दिसलं का? काय दिसतंय? काय दिसणार, कपाळ? आग दिसत होती. धारा लागल्या होत्या, पण पुसलं की विद्या उतरते म्हणे, म्हणून एकाने ओलं फडकं दिलं नाही. निरांजन लावलं की अजून एका ज्योतीच्या दोन दिसतात मला. देवीला म्हणते, तुला दुप्पट उजेड, घे.

हे? हे होते ना तिथे. माझं डोकं यांनी धरलं होतं — दोन्ही हातांनी, हलू नये म्हणून.

पण सुटले हो त्यातून. मामंजी गेल्यावरही कुदळ चालूच होती यांची, नाही कशाला म्हणू. ऑफिसातून परस्पर माळावर, जेवताना नखांत माती, मला तर त्या ताटाकडे बघवायचं नाही. शुभंकर — आमचा मुलगा, खराडीला असतो नोकरीला — तो लहानपणी तापाने फणफणला होता, आणि हे तिकडे खणतायत. परत आले, पोराकडे बघितलं, आणि तसेच मातीच्या हातांनी तांबड्या जोगेश्वरीपुढे उभे राहिले. पुन्हा त्या माळाचं नाव काढणार नाही म्हणाले. तेव्हापासून शुक्रवार धरलाय मी. बाळंतपणं, आजारपणं, घर बदललं, आम्ही इथे वारज्याला आलो — मोडला नाही. देवी ऐकते, रंगराव. माणूस बदलतो. आज सकाळचंच बघा ना, माझं ओटीचं तबक यांनी स्वतः भरून ठेवलं. खण, तांदूळ, नारळ शेंडी ठेवून निगुतीने सोललेला. म्हणाले, दुपारीच नीघ, निवांत आरती करून ये, अवनीला चित्रकलेच्या क्लासवरून मी आणतो. दोनदा म्हणाले. हे बाहेर पडले आणि माझा गुडघा धरला, म्हणून राहिले. नाहीतर तुम्हाला दाराला कुलूपच मिळालं असतं.

काय?

कोण घरी नसणार होतं?

तरीच. दार मी उघडलं तेव्हा केवढे दचकलात. मला वाटलं, बाईमाणूस बघून संकोचले बिचारे. आणि मघापासून खिडकीतून खाली बघताय — ती जीप तुमची ना? ड्रायव्हर बसूनच आहे आत.

नका, नाव नका घेऊ. मी विचारलेलं नाही. अवनी पोटात उलटी होती हे ठाऊक कुणाला होतं? डॉक्टरीणबाईंना. शुभंकरला आणि सूनबाईला, कल्याणीला — ते असल्या गोष्टींना हसतात. मला. आणि... ते तबक बघा, देवापुढे तसंच आहे. देवीची ओटी हो ती. तिच्या नावाने मला घराबाहेर काढायचं, आणि मी सकाळपासून तिचेच आभार मानतेय. शी. शी, शी.

लिफ्ट थांबली. कप ठेवा खाली.

आलीस बाळा? चित्र मग बघू हं, आधी पाय धुऊन देवापाशी बस — अहो, तुम्ही नाही, तुम्ही तिथंच थांबा, उंबऱ्याबाहेर. पाहुणे निघालेत तुमचे. जीप आहे खाली, जायचं तर जा, खुशाल खणत बसा दोघं. माझ्याकडे काय बघताय?

हात सोडा तिचा.