एक बादली कॉसमॉस

दोन हजार अठरा साल, पाऊस सरून आठच दिवस झालेले, आणि तुम्हाला सांगतो, त्या कॉसमॉसच्या फुलझाडांनी मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही! फुलं म्हणे सोपी असतात. कुणी सांगितलं?

अक्का, माझी थोरली बहीण, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. म्हणाली, "पट्टी सुटली की पहिल्यांदा तुझ्या बागेतली फुलं बघीन." म्हटलं, बादलीभर आणतो! माणसानं इतकं बोलावं का? पण बोललो.

शेजारच्या शिंपीणबाई कुंपणावरून म्हणाल्या होत्या, "काका, कॉसमॉसला खत घालू नका हो, माजतो." मला शिकवतात! चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय मी! म्हटलं, "बाई, तुमची झाडं उपाशी आहेत, आमच्यात तसं चालत नाही." आणि ओतलं शेणखत, तीन पाट्या, वर आणखी दोन... मी कुणाचं ऐकत नाही, कुणापुढे हात पसरत नाही!

झाडं डोक्याच्या वर गेली. हिरवीगार! आणि फूल? एक नाही! कळीसुद्धा नाही! रोज पानं बाजूला सारून बघायचो, तर सून म्हणते, "बाबा, काही हरवलंय का?" काय सांगू? अब्रू हरवलीय?

आणि पलीकडे बाईंच्या खडीत, आठवड्यातून एकदा पाणी मिळालं तर मिळालं, तिथं गुलाबी, पांढरी, नुसती डुलतायत! पण मी कुणापुढे हात पसरत नाही.

पट्टी सुटायच्या दिवशी सकाळी कात्री घेतली आणि कुंपणावरून हात घातला. पसरला नाही, घातला! फरक आहे. एक कापलं, दोन, दहा... घाईत नुसती मुंडकी, देठ बोटभर... आणि वरच्या खिडकीतून बाईंचा आवाज, "काका, तिथून नका! खाली पेऱ्याशी कापा, म्हणजे परत फुटवा येतो. आणि अर्धी उमललेली घ्या, टिकतात. थांबा, बादली देते."

शिवी दिली असती तर परवडलं असतं हो! बादली दिली! पाणी भरून!

अक्कानं डोळा उघडला. फुलं बघितली, मग मला. "तुझी?"

हात पसरत नाही म्हणणाऱ्यानं खरं तरी बोलावं की नाही? घशातून निघालं, "हं."

"जन्मात पहिल्यांदा तुझ्या हातून काही नाजूक झालं रे," म्हणाली, आणि डोळ्याला पाणी लावू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं असताना रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्षभर ते "हं" घशात अडकून राहिलं. पुढच्या पावसाळ्यात कुंपणाच्या माझ्या बाजूच्या खडीत बी टाकलं. खत? चिमूटभरसुद्धा नाही! फुललं. पेऱ्याशी कापलं, बाईंचीच बादली भरली आणि अक्काला घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो.

"घ्या. गेल्या वर्षी चोरली होती, ती."

अक्का म्हणाली, "म्हणजे ती फुलं...?"

"यांची."

बाईंनी बादली घेतली. फिटलं.