रुमाल वाळेपर्यंत

नाही, नाही, बसा ताई — फक्त त्या रुमालाला धक्का लावू नका, वाळत घातलाय. लेकीचा आहे माझ्या. सकाळी तिच्या नाकातली ऑपरेशनची पट्टी काढली, तेव्हा या रुमालावर चार थेंब पडले — नर्सबाईंनीही थोडं बाटलीत घेऊन तपासायला पाठवलंय, उद्या कळेल म्हणाल्या. उद्या! उद्यापर्यंत माणसाने करायचं काय? म्हटलं, आपण इस्त्रीवाले, आपली तपासणी आपण करू — शेंबूड असेल तर वाळून कडक होईल, म्हणजे ठिगळ धरलं. मऊच राहिला तर ते मेंदूचं पाणी, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

ठिगळ म्हणजे — जन्मतःच तिच्या कवटीच्या तळाला, नाकाच्या बरोबर वर, भोक राहिलेलं. मेंदूचं आवरण त्यातून नाकात उतरलं होतं, आणि मेंदूचं पाणी नाकावाटे गळायचं. लाखात एखाद्याला असतं म्हणे. डॉक्टरांनी नाकातूनच दुर्बीण घातली, मांडीतला पडदा घेऊन भोक बुजवलं — चेहऱ्यावर ओरखडा नाही. हुशार माणूस! आणि आम्ही? आम्ही पाच वर्षं सर्दी समजत होतो. म्हणजे ती समजत होती, बायको. मी... आता तुमच्यापासून काय लपवायचं. एकाच नाकपुडीतून गळायचं, आणि तिचे रुमाल मीच धुवायचो — एकही कधी कडक झाला नाही. गिऱ्हाइकांच्या पोरांचे रुमाल पुठ्ठ्यासारखे, आणि हिचे नुसत्या पाण्यात निघायचे. मला कळलं नव्हतं का? कळलं होतं! मी खूश व्हायचो, घासायचे कष्ट वाचले म्हणून. बायको म्हणाली मोठ्या डॉक्टरांना दाखवू, तर तिच्यावरच खेकसलो — आणि लेकीला म्हणायचो, जोरात शिंकर बाळा, सगळं बाहेर काढ. दोनदा मेंदूज्वर झाला हो तिला. दोनदा.

वाळला वाटतं. तुम्ही लावा ना हात. माझी बोटं इस्त्रीने भाजून भाजून निबर झालीत, मला मऊ-कडक कळत नाही — कळतं, पण... लावा तुम्ही. कडेला नको, मधे, थेंब मधे पडलेत. काय? मऊ? असं वरवर नको, चुरगाळून बघा — नाही. नाही, दमट असेल अजून. दमटच आहे तो! द्या इकडे. कपड्यातलं तुम्हाला काय कळतं? उठा, जा तुम्ही — आणि ताई, आत वॉर्डात तिची आई बसलीय, तिला एवढ्यात काही सांगू नका.