रस्त्यापल्याडची जाऊ

(नगर-पाथर्डी महामार्ग. सकाळचे नऊ. वाटणीनंतर रस्त्याच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोघी जावा आपापल्या ओट्यावर. दोघींच्या कानाला मोबाईल.)

मनकर्णा : मागं सर आधी! रस्त्याला पाय लावशील तर बग.

झुंबरबाई : आवो आक्का, येकदा भेटून जाते. डिव्हायडर चढायचा आन यायचं, लई काय?

मनकर्णा : आमचं मालक, तुझे थोरले दीर, त्ये बी आसंच म्हनले हुते. दुधाची किटली घिऊन निगाले, तुझ्या दारात पोचलेच न्हाई.

झुंबरबाई : जायच्या वक्ताला त्यांची आठवन नका काढू.

मनकर्णा : म्या कशाला काढू? ह्यो रस्ताच काढतो. समुद्राकडनं निगतो म्हनं, घाट चढून आपल्या कोरड्या मुलखातनं पार दुसऱ्या राज्यात जातो. येवढा लांबलचक, आन जावंच्या दारात जायाला वाट न्हाई.

झुंबरबाई : थांबा, माजा वाल्मिक न्यायला आलाय, त्यो बोलतोय.

वाल्मिक : मोठ्याई, मी गाडी डिव्हायडरच्या कटवरनं वळवून आणतो तुमच्या दारात. दोन किलोमीटर तर आहे. कल्याणला पोचायला उशीर झाला तर झाला.

मनकर्णा : नको रं बाबा.

वाल्मिक : असं काय करता? आई कालपासनं धड जेवली नाही.

मनकर्णा : तिला दे फोन.

झुंबरबाई : राग आला का? म्या लेकाकडं चालले म्हनून?

मनकर्णा : राग कशाचा? गेल्या म्हैन्यात तू मोरीत पडलीस. दार उघडंना, फोन उचलंना. म्या हितं नुसती बगत उभी. दुपारी माणूस सापडलं तवा तुला उचललं. तू गेलीच पायजे.

झुंबरबाई : मग येऊ द्या की जवळ. घटकाभर.

मनकर्णा : जवळ आलीस तर सोडायची न्हाई मी तुला, झुंबर. गाडीचं दार धरून बसंन.

झुंबरबाई : आन तुमी पडल्या, तर कोन बगंल?

मनकर्णा : बगंल कोनतरी. वाल्मिकला खोळंबून ठिवू नको.

झुंबरबाई : आक्का...

मनकर्णा : येक कर. दारावरचा बल्ब लावून जा. त्यो पेटला की म्या कडी लावून पडते रोज.

झुंबरबाई : रिकाम्या घराला बल्ब?

मनकर्णा : व्हय.

झुंबरबाई : लावला. दिसतो का?

मनकर्णा : आत्ता उनात कुटं दिसायचा? जा तू. सांज होऊ दे.