किल्ल्यावरचा दहावा

"हॅलो?… हां, दीपा… बोल बाई, येतंय ऐकू… गंगंवरच हाय अजून. समदेच हायती… कावळा? शिवला की! कवाच शिवला. तू नको काळजी करू."

धडधडीत खोटं. छबुबाईच्या थोरल्या भावाचा, बद्रीनाथचा, आज दहावा होता. गोदावरीच्या वाळूत सकाळी दहाला मांडलेले पिंड अडीच वाजले तरी होते तसेच होते. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर बसून बघत होते, पण खाली उतरायला एकही तयार नव्हता. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून जो तो पिंडापुढं शब्द देऊन आला होता. मुलानं, अभिमन्यूनं, आईला अंतर देणार नाही म्हणून हात जोडले. बायकोनं, मुक्ताबाईनं, माझा घोर करू नका म्हणून पदर पसरला. कावळे ढिम्म. छबुबाई तेवढी पिंडाजवळ फिरकली नव्हती.

"अगं, रडत न्हाई मी. धूर गेला डोळ्यात… वाळूत कुठला धूर म्हणजे? लई वकिली करू नको… तू जेवलीस का? आठवा महिना हाय तुजा… डॉक्टरनंच विमानात बसू नको म्हणलं, त्यात तुजा काय गुन्हा?… आं? कुठं हायस म्हणलीस?… किल्ल्यात?"

छबुबाई वाळूतच खाली बसली. तिची ही भाची, दीपमाला, आयर्लंडात नर्स होती. सुट्टी मिळाली की तिकडचा एखादा जुना किल्ला गाठायची आणि तिथून बापाला व्हिडिओ कॉल करायची. बद्रीनाथ उमापूरच्या पारावर फोन धरून चार माणसांना दाखवायचा, हा बघा दरवाजा, ह्या वरच्या भोकातून शत्रूच्या डोक्यावर उकळतं पाणी ओतायचे. ऐटीत असा सांगायचा, जसा काही किल्ला त्यानंच बांधला होता.

"एकटीच गेलीस?… किल्ल्याची दोन तिकिटं? दादाचं बी?… आदीच काढलं व्हतं… आजच्याच तारखंचं… हो, हो… अगं ऐक ना… उगी. उगी माय. परक्या माणसात रडू नको… दारातली बाई काय म्हणली?… दुसरं माणूस कुठं हाय… मग तू काय म्हणलीस?… मागनं येतायत?"

छबुबाईनं पिंडांकडं पाठ फिरवली. भावाला मागं कोणी ठेवलं होतं, ते तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

"दीपा… कावळा शिवला न्हाई गं. खोटं बोलले मी… साडेचार तास झाले… सांगते. मदी बोलू नको. दादा गेल्या सालीच यायचा व्हता तुज्याकडं. पासपोर्ट, व्हिसा, समदं हातात… मीच आडवी आले. माज्या प्रविणचं लगीन व्हस्तोर गाव सोडलंस तर माज्या गळ्याची शपथ, म्हणले… लगीन कशाचं! पोराला पोरगी तरी कुठं बघितली व्हती तवा!… कावून म्हणजे? भ्या वाटलं मला. तिकडं रमला तर माज्या मागं कोण? मालक गेल्यापासून तोच तर व्हता… हो, गुडघा दुखायचाच, पर तुला त्याचं निमित्त सांगितलं. माजं नाव न्हाई घेतलं त्यानं… आता लगीन झालं, दादाचं विमानाचं तिकीट आलं, आन्…"

छबुबाईला वाटलं, पोरीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हायस का?… आं?… न्हाई, मी न्हाई गेले पिंडापुढं. कोणत्या तोंडानं जाऊ?… थांब जरा. ओ गुरुजी! दर्भाचा कावळा करून पिंडाला लावू नका एवढ्यात! दम धरा घडीभर!… हां, बोल… डब्यात काय हाय म्हणलीस? दहीभात?… त्याच्या आवडीचा म्हणून केलास… मग ठिव की तितं. भिंतीच्या दगडावर ठिव आन् बाजूला हो… कोण रागावतंय? रागावलं तर म्हण, माजा बाप जेवतोय… फोनचा आवाज मोठा कर. मी बोलते हितनं."

ती उठली. एवढा वेळ चुकवलेली पिंडांची जागा तिनं पाच पावलांत गाठली आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं बोलली.

"दादा, शपथ सुटली रे! मी घातली व्हती, मीच सोडली. जा तू लेकीकडं. मला एकटीला भ्या वाटत न्हाई… वाटतं. वाटतं, पर तू जा!"

मुक्ताबाईनं तोंडात पदर कोंबला.

"काय?… आलं? काळं हाय का?… आपल्यापेक्षा बारकं… मानेला राखाडी? मग कावळाच की गं!… डोळे पांढरे? आसतील तिकडचे डोळे तसे… खातोय?… खातोय!… वैनी! ओ वैनी! शिवला! दीपाकडं शिवला!"

वाळूतली माणसं धडपडत उठली. गुरुजींच्या हातातला दर्भ तसाच राहिला. बाभळीवरचे कावळे अजूनही जागचे हलले नव्हते, पण आता तिकडं कोणी बघत नव्हतं.

"समदा खाल्ला?… आता कुठं गेला?… वर? जिन्याच्या खिडकीतनं आत शिरला?… लई पायऱ्या हायती का गं?… आन् धराय नुसता दोर?… हॅलो?… दीपा?… हॅलो?"

फोन कट झाला होता. छबुबाईनं तो कानाशी तसाच दाबून धरला.

"दादा… सावकाश चढ रे. गुडघ्याचा पट्टा हितंच ऱ्हायलाय तुजा."