पुसलेल्या रेघा

स्तनाच्या ऑपरेशननंतर रेडिएशनसाठी पहिल्याच दिवशी आलेली सिर्का नंबराची वाट बघत होती. शेजारी दोन म्हाताऱ्या मैत्रिणी कुजबुजत होत्या.

“राउनी, छातीवरच्या रेघा गेल्या गं. किरणांसाठी नर्सने आखलेल्या.”

“गेल्या कशा?”

“शनिवारी सौनाच्या गरम वाफेत बसले. घामाने पुसल्या.”

“सौना बंद म्हणून बजावलं होतं ना तुला!”

“जन्मभर दर शनिवारी जातेय. पाय आपोआप वळले.”

“मग सांग त्यांना. पुन्हा आखतील.”

“पण रेघा आहेत. वाइनोने आखल्या.”

“तुझ्या नवऱ्याने? तो सुतार ना गं!”

“पट्टी लावून, चष्मा घालून. तासभर बसला होता.”

“वेड लागलंय दोघांना! किरण भलतीकडेच पडले म्हणजे? आधी पुसून घे त्या.”

“तेच तर कळत नाहीये, काय करू.”

“त्यात न कळण्यासारखं काय आहे?”

“ऑपरेशन झाल्यापासून त्याने तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं.”

सिर्का उगाच मासिकाचं पान उलटत राहिली.

दार उघडून नर्सने हाक मारली, “तेल्लेर्वो!”

“आले, आले. राउनी, तूच चल आत, सांग तिला.”

“काय सांगू?”

“पूस म्हणावं. पण हळू.”