पोतारलेली भिंत

संध्या : माय, हे काय करून ठेवलंस? पुराची रेघ कुठंय?

मनकर्णाबाई : पोतारली भिंत. पांढरी माती आणली अन् दिला हात. तुझ्या आर्ट कॉलेजातली माणसं येणार ना संभाजीनगरहून? चिखलाची भिंत दाखवायची व्हय पाव्हण्यांला?

संध्या : अगं, चिखलच बघायला येतायत ती! दिवाळीपासून राबतेय मी या भिंतीवर. आबांची एकेक वस्तू त्या रेघेखाली लावली. त्यांचा सदरा कुठंय?

मनकर्णाबाई : धुतला. वाळत घातलाय.

संध्या : धुतला? त्यातला गाळ तसाच ठेवायचा होता, माय! डोकं फिरलं का तुझं?

मनकर्णाबाई : वरडू नको. मळका सदरा घालून तुझे आबा कधी जयंतीला गेले नायत. अन् तू त्यांना गाळासकट टांगतीस चार माणसांत!

संध्या : मग लोकांना कळावं कसं? जल्मभर पाण्यासाठी आभाळाकडं बघितलं आपण, अन् एका रात्रीत गोदावरी घरात! आबा गेले, तर पेपरात एक ओळ आली. एक! मी नाय विसरू देणार कुणाला.

मनकर्णाबाई : तू कला करतीस अन् जातीस शहरात. त्या रेघेखाली निजतं कोण? मी. डोळा उघडला की रेघ. लई झालं, बाई.

संध्या : मग बोलायचं तरी!

मनकर्णाबाई : बोलले की. तू म्हणलीस, माय, जरा बाजूला हो, फोटोत येतीस.

संध्या : ...पैठणच्या पुढं आलीय त्यांची गाडी. आता काय दाखवू? कोरी भिंत?

मनकर्णाबाई : तोंड पाडू नको. पाणी कुठवर होतं ते मी सांगते की त्यांना.

(मनकर्णाबाई भिंतीला पाठ लावून उभी राहते, कमरेपाशी आडवा हात धरते.)

संध्या : तिथं नाय गं! खिडकीच्या वर होती रेघ.

मनकर्णाबाई : ती सकाळची. तुझे आबा गोठ्यात शिरले तवा इथवरच होतं.

संध्या : कमरेएवढं? एवढ्याशा पाण्यात माणूस कसा जाईल, माय?

मनकर्णाबाई : वाकले होते ना. गाईचं दावं सोडायला.