मागच्या गल्लीचं हिमोग्लोबिन

(पेडगाव. कस्तुराबाईच्या ओट्यावर संशोधन करणारी सुकेशनी रक्ततपासणीचे कागद मांडीवर घेऊन बसलेली. मागच्या गल्लीतली पंचफुला नुकतीच येऊन पायरीवर टेकलेली.)

सुकेशनी : रडत नाहीये काकू. कागदावर धूळ होती, डोळ्यात गेली.

कस्तुराबाई : दोन्ही डोळ्यांत एकदमच गेली व्हय? सांग माय, कोणाचं रक्त कमी निघालं?

सुकेशनी : कोणाचंच नाही. सगळ्यांचं वाढलं.

कस्तुराबाई : मग पेढे आणायचे सोडून हे काय?

सुकेशनी : तुमच्या पुढच्या गल्लीचं वाढायचं होतं. मागच्या गल्लीचं नव्हतं वाढायचं.

पंचफुला : आमचं काय चुकलं, ते तरी सांग.

सुकेशनी : तसं नाही मावशी. संशोधनात दोन गट करतात. एकाला हळिवाचे लाडू द्यायचे, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याला काहीच द्यायचं नाही, तो नियंत्रित गट. शेवटी दोघांचं हिमोग्लोबिन मोजायचं. फरक निघाला तर तो लाडवामुळंच, असं आकड्यांनिशी म्हणता येतं.

पंचफुला : म्हंजे आमी काईच न मिळायच्या गटात. ते तर सवयीचं हाय. पर त्याला एवढं भारदस्त नाव असतं, हे म्हाईत नव्हतं.

कस्तुराबाई : अन् आमचंच वाढणार, हे तुला आधीच कळलं व्हतं?

सुकेशनी : ते गृहीतक. आधी लिहून ठेवायचं, मग तपासायचं.

कस्तुराबाई : आमच्या धाकट्या जावंचं असंच हाय. आधी ठरवती, मग इचारती.

सुकेशनी : आता दोन्ही गटांच्या सरासरीत फरकच नाही. म्हणजे लाडू खाल्ला काय अन् नाही खाल्ला काय, सारखंच, असं सिद्ध होतंय. सोमवारी प्रबंध द्यायचाय. काकू, खरं सांगा. लाडू कसे खाल्ले?

कस्तुराबाई : तू सांगितलं तसेच. जेवणाआधी एक.

सुकेशनी : अख्खा?

कस्तुराबाई : अर्धा.

पंचफुला : उरलेला मी.

सुकेशनी : देऊ नका म्हणून किती बजावलं होतं मी.

कस्तुराबाई : बजावलं म्हणून तर झालं. कापूस वेचायला आमी एकाच वावरात. एरवी आपापली भाकर, बसायला आपापला बांध-धुरा. तू म्हणलीस, मागच्या गल्लीला देऊ नका. दुपारी लाडू काढला अन् हिच्याकडं नजर गेली. तवा ध्यानात आलं, कोणी मना न करता बी आपण हिला कधी काई दिलंच न्हाई की. मग घास उतरंना.

पंचफुला : पयल्या दिवशी धुऱ्यावर ठिवून गेली, मांजरासाठी ठिवावं तसा. मी म्हणलं, हातात दे, न्हाईतर ने वापस.

कस्तुराबाई : दिला की हातात. मग आमच्या गल्लीतल्या समद्याच द्यायला लागल्या. तुझे डबे सरले, तवा मी बाजारातून हळीव आणून घरी वळले.

सुकेशनी : आमचे सर म्हणाले होते, या दोन गल्ल्यांत खाण्यापिण्याचा संबंध नाही, आपल्याला नमुना आयता मिळाला.

पंचफुला : सर शिकलेले हायेत.

सुकेशनी : आता म्हणतात, मागच्या गल्लीचे आकडे जरा खाली ओढ. पेडगावला कोण बघायला येतंय.

पंचफुला : म्हंजे माझ्या अंगातलं वाढलेलं रक्त कागदावर काढून घेणार.

कस्तुराबाई : तू ओढणार हाईस का?

सुकेशनी : इथं येईपर्यंत ओढणार होते.

कस्तुराबाई : अन् आता?

सुकेशनी : आता प्रस्तावना तीच ठेवते. पद्धतीत आपण काय ठरवलं होतं ते. विश्लेषणात आकडे आलेत तसेच. आधीची तपासणी दोन्ही गल्ल्यांची आहे, तेव्हा आधीचं अन् नंतरचं ताडून बघता येईल. चर्चेत लिहीन, लाडू दोन्हीकडं पोचला. सर चिडतील. मुदत वाढवून मागावी लागेल. मागते.

कस्तुराबाई : अन् आमी केलं ते कुठं लिवणार?

सुकेशनी : शेवटी 'अभ्यासाच्या त्रुटी' म्हणून एक भाग असतो. त्यात.

पंचफुला : आमच्या गल्लीत लाडू आला, ही त्रुटी?

सुकेशनी : कागदावर, हो.

कस्तुराबाई : असू दे. शाळेत गेले न्हाई, अन् चूक मात्र प्रबंधात छापून यायलीय. नाव घालशील ना?

सुकेशनी : ऋणनिर्देशात घालते. सरांच्या खाली.

पंचफुला : तिथं बी खालीच.

सुकेशनी : सरांच्या वर घालते. नाहीतरी चिडणारच आहेत.

पंचफुला : हां, आता हसली. मघापासून तोंड बघवत नव्हतं हिचं.

सुकेशनी : प्रयोग मात्र संपला बरं का. आता कोणी कोणाला द्यायची गरज नाही.

पंचफुला : मी हळीव आणून ठिवलेत. उद्या वळणार हाय. कस्तुराबाई, माझ्या घरचा खाशील का?

कस्तुराबाई : गूळ बेतानं घाल. मला लय गोड सोसत न्हाई.